पावलाची नाडी आणि एक हजार चाळीस माणसं

आज बोलायचं आहे पायाबद्दल. गुडघेदुखी नाही, टाचांच्या भेगा नाहीत, ते विषय मागे होऊन गेले. गुडघ्याखालच्या पायात रक्त कोणत्या वाटेनं उतरतं, ती वाट सगळ्यांची सारखी का नसते, आणि हे माणसाला कसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास. भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल, फक्त आता दोन मिनिटं हात मोकळा करा.

चप्पल काढा. हाताची दोन बोटं घ्या. अंगठा नको, अंगठ्याला स्वतःचीच नाडी जाणवते आणि फसगत होते. पायाचा अंगठा आणि जोडवं घालतो ते बोट, यांच्या मधल्या खाचेतून सरळ वर या, पावलाच्या मध्यापर्यंत. तिथं हलकेच टेकवा. दाबू नका, नुसती टेकवा. थोडं इकडं तिकडं सरकवा. टुक टुक लागतंय? ही पावलावरची नाडी. आता आतल्या बाजूचा घोटा धरा. त्याच्या मागे, घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्या मधल्या खोलगट जागेत बोटं ठेवा. तिथं दुसरी नाडी आहे.

काहीजणींना पहिली लागली नसेल. लगेच घाबरू नका. आणि लगेच सोडूनही देऊ नका. का, ते पुढं येईलच.

गेल्या वर्षी आम्ही गटांसाठी साखर तपासणीचं शिबिर घेतलं होतं. डॉक्टर मॅडम प्रत्येकीच्या पावलाची नाडी बघत होत्या. एका ताईंच्या डाव्या पावलावर ती लागेना. ताईंना साखरेचं दुखणं सात वर्षांचं. मॅडमनी घोट्यामागची नाडी बघितली, ती चांगली होती. पाऊल गरम होतं, जखम नव्हती, चालताना पोटरीत कळ येत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची ही जन्मापासूनच अशी असेल. पण साखर आहे, तेव्हा खात्री करून घेऊ." त्यांनी तालुक्याला यंत्रावर तपासायला चिठ्ठी दिली. चिठ्ठी हातात पडेपर्यंत रांगेतल्या बायांत बातमी फिरली की ताईंचा पाय आतून वाळलाय आणि आता कापणार. ताईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तपासणीत निघालं ते एवढंच की पुढची रक्तवाहिनी मुळातच बारीक आहे आणि पावलाला रक्त शेजारच्या वाहिनीतून पुरेसं मिळतंय.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एकीनं विचारलं, "जन्मापासून अशी असते हे डॉक्टर लोकांना कसं कळलं? कुणी कापून बघितलं होतं का?"

हो, बघितलं होतं. एकदोन नाही, हजारावर देह. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता. लढाया आणि तह पाठ केले, त्यांची सालं अजून तोंडावर आहेत, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. शोधून वाचावं लागलं.

आधी पायाची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या नळीला धमनी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तिला रोहिणीही म्हटलेलं असतं. जांघेतून एक मोठी धमनी मांडीत उतरते आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात येते. त्याच्या जरा खाली तिला फाटे फुटतात. पहिला फाटा नडगीच्या पुढच्या बाजूला जातो आणि पावलावर येतो. आपण बोटं ठेवली ती याची नाडी. उरलेल्या धारेचे पुन्हा दोन होतात. एक पोटरीतून आतल्या घोट्यामागे उतरते आणि तळपायाला रक्त देते. दुसरी बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारी जे बारीक हाड असतं त्याला धरून खोलवर जाते. ती हाताला लागत नाही. पुढची, मागची आणि बारीक हाडालगतची, अशा या तीन धमन्या. बहुतेक पायांत असंच असतं. सगळ्यांच्यात नाही.

आता लंडनला जाऊ. साल १७८५, डिसेंबर महिना. तिथल्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात एक घोडागाडीवाला आला, वय पंचेचाळीस. त्याच्या गुडघ्यामागच्या धमनीला फुगा आला होता. सायकलची जुनी ट्यूब एका जागी पातळ होऊन फुगते, तसा. फुगा फुटला की माणूस रक्त वाहून जातो. त्या काळी त्यावर मांडीतून पाय कापणं, नाहीतर फुगाच चिरून वर-खाली बांधणं, असे उपाय होते. दोन्हींत माणसं फार मरत. आणि भूल नव्हती. इथर देऊन भूल देणं १८४६ साली सुरू झालं, म्हणजे अजून साठ वर्षं पुढं.

सर्जन होते जॉन हंटर. त्यांनी फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथं धमनी निरोगी होती, तिथं ती दोऱ्यानं बांधून टाकली. बाकीच्यांना वाटलं असणार की आता खालचा पाय सडणार, कारण मोठा पाटच बंद केला. पण शेतीवाल्या बायांना हे समजायला अवघड नाही. मोठ्या पाटाचं पाणी अडवलं तरी बारक्या चाऱ्यांतून, बांधाच्या फटीतून ते खालच्या वाफ्यात पोचतंच, आणि जास्त पाणी जायला लागलं की त्या चाऱ्या रुंदही होतात. गुडघ्याभोवती अशा बारीक धमन्यांचं जाळं आहे. त्यांनी काम उचललं. गाडीवान सहा आठवड्यांत हॉस्पिटलातून बाहेर पडला आणि पुन्हा गाडी हाकायला लागला. साधारण सव्वा वर्षानं तो तापानं वारला. तेव्हा बराच खटाटोप आणि खर्च करून त्याचा तो पाय तपासायला मिळवण्यात आला. आम्ही जिथं जिथं वाचलं तिथं हंटर यांचं नाव ठळक आहे. मांडीत जिथं त्यांनी धमनी बांधली त्या जागेला आजही डॉक्टर हंटरचा बोगदा अशा अर्थाचं नाव घेतात. गाडीवान मात्र नुसता 'गाडीवान'. शुद्धीत राहून मांडी चिरून घेणारा तो होता, हे आम्हाला विसरवत नाही.

या ऑपरेशननंतर धमनी बांधणं ही सर्जन लोकांची मोठी विद्या झाली. पण तिच्यात एक घोळ होता. बांधायला जायचं तर धमनी कुठं आहे हे आधी माहीत हवं. पुस्तकात लिहिलेल्या जागी चीर घ्यायची, माणूस ओरडतोय, चार माणसांनी त्याला धरलंय, आणि आत बघावं तर धमनी तिथं नाहीच. किंवा एकाच्या जागी दोन. एक सर्जन लिहायचा, अशी रचना फार विरळा. दुसरा लिहायचा, आम्ही तर नेहमी बघतो. प्रत्येकाची भिस्त आपण पाहिलेल्या पाच-पन्नास देहांवर. चुलीवर शिजलेल्या भाताचं एक शीत चाचपून भात कळतो, माणसाचं शरीर तसं कळत नाही.

ते मोजायला बसले रिचर्ड क्वेन. हे मूळचे आयर्लंडचे, १८३२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीररचनेचे प्राध्यापक झाले. शिकवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक देहातल्या धमन्या नीट बघून त्यांच्या नोंदी ठेवायच्या, असं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. कुठं फाटा वर फुटला, कुठं खाली फुटला, कुठली धमनी बारीक, कुठली नाहीच, तिच्या वाटचं काम कुणी उचललं. १८४४ साली त्यांचं मोठं पुस्तक पुरं झालं. त्यात १०४० देहांवरून काढलेले निष्कर्ष होते. त्यासोबत मोठ्या आकाराची चित्रं, ती काढली त्यांचेच विद्यार्थी जोसेफ मॅक्लिस यांनी. हे मॅक्लिस स्वतः सर्जन आणि चित्रकारही.

आपण गटाच्या वहीत बायांची बचत लिहितो, तशी ही वही. वहीशिवाय नुसतं 'बऱ्याच जणी भरतात' असं म्हणून कर्ज मिळत नाही, हे आपल्याला बँकेनं चांगलं शिकवलंय. क्वेन यांनी 'बऱ्याच जणांत' हा शब्द काढून तिथं आकडा घातला. आमच्या मते पायाच्या धमन्यांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हेच, हंटर यांच्या चाकूपेक्षाही मोठं.

पण हे १०४० लोक कोण होते? इथं थोडं थांबू, कारण पुस्तकं इथून भरभर पुढं निघून जातात.

त्याआधी इंग्लंडात कायद्यानं फाशी दिलेल्या खुन्यांचेच देह डॉक्टरांना मिळत. ते पुरत नसत. म्हणून रात्री कबरी उकरून ताजी प्रेतं विकणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. १८२८ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात बर्क आणि हेअर नावाच्या दोघांनी तर कबर उकरायचे कष्टही घेतले नाहीत. वर्षभरात सोळा माणसं मारून त्यांनी ती शरीररचना शिकवणाऱ्या एका डॉक्टरला विकली. मारलेली माणसं भाडोत्री खोलीत राहणारी, भीक मागणारी, आगापिछा नसलेली, त्यात बाया बऱ्याच. बर्कला फाशी झाली. मोठा गहजब झाला आणि १८३२ साली नवा कायदा आला. दवाखान्यात किंवा अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात जो मरेल आणि ज्याचा देह न्यायला कुणी येणार नाही, तो देह शिकवायला द्यायचा.

म्हणजे कबरी उकरणं थांबलं, आणि त्याची किंमत गरिबांनी दिली. ज्याला मूठमाती द्यायला पैसे नव्हते तो 'बेवारस' ठरायचा, मग त्याचे नातेवाईक जिवंत असले तरी. त्या काळच्या लंडनमधल्या म्हाताऱ्या गरीब बाया आश्रमात मरायला घाबरत त्या यामुळेच. आपल्याकडंही कापडाला आणि सरपणाला पैसे नाहीत म्हणून अडलेली घरं आम्ही पाहिली आहेत, आणि गटातून त्या रात्री पैसे काढून दिलेही आहेत. तेव्हा ही भीती काय असेल ते सांगावं लागत नाही. क्वेन १८३२ साली प्राध्यापक झाले आणि कायदाही १८३२ चाच. त्यांच्या टेबलावर जे देह आले त्यांतले बहुतेक याच वाटेनं आले. त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. आज डॉक्टर मॅडम आपल्याला 'जन्मापासून असेल' असं म्हणतात, ते ज्ञान या लोकांच्या पायांतून आलंय.

आता या गोष्टीचा आपल्या जिल्ह्याशी धागा जुळतो. हे वाचलं तेव्हा आम्ही उठून उभ्याच राहिलो होतो.

१८५८ साली लंडनमध्ये शरीररचनेचं आणखी एक पुस्तक निघालं. हेन्री ग्रे यांनी लिहिलेलं. आज जगभरचे डॉक्टर 'ग्रेज ॲनाटमी' म्हणून ओळखतात ते हेच, आणि त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. पण ते गाजलं ते चित्रांमुळं. साडेतीनशेच्या वर चित्रं. नळी कुठली हे शोधायला आकडा बघून खाली यादी वाचायला नको, नाव सरळ त्या नळीवर किंवा तिच्याशेजारीच लिहिलेलं. ही चित्रं ग्रे यांची नाहीत. ती काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरनं. देह दोघांनी मिळून उलगडले, चित्रं कार्टर यांनी काढली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र ग्रे मोठ्या अक्षरात आणि कार्टर बारीक अक्षरात. खपाचा वाटा ग्रे यांना, कार्टर यांना एकदाच दिलेली रक्कम. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, असं शिकलेल्यांतही चालतं म्हणायचं.

पुस्तक दुकानात येण्याआधीच कार्टर बोटीनं मुंबईला निघून आले होते. तिथं ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या जे.जे. हॉस्पिटलच्या कॉलेजात, ते शरीररचना शिकवायला लागले. आणि नंतर, १८६० च्या दशकात, ते सिव्हिल सर्जन म्हणून आले आपल्या साताऱ्याला. ज्या हातानं जगभरच्या डॉक्टरांनी पाठ केलेल्या पायाच्या धमन्या काढल्या, तो हात काही वर्षं साताऱ्यात रोग्यांची नाडी बघत होता. पुढं ते मुंबईच्या त्याच कॉलेजचे प्राचार्यही झाले. कुष्ठरोगावर त्यांनी काम केलं. आणि पायाच्याच एका वाईट दुखण्यावर त्यांनी १८७४ साली आख्खं पुस्तक लिहिलं. अनवाणी शेतात राबणाऱ्याला काटा मोडतो, त्यातून बुरशी आत शिरते, पाऊल वर्षानुवर्षं सुजत जातं आणि त्याला भोकं पडून दाणे पडतात, ते हे दुखणं. त्याला मदुरा फूट म्हणतात. हे दाणे म्हणजे बुरशी आहे, हे सांगणाऱ्यांत कार्टर पुढं होते. पाय हा काही त्यांच्या पाठीमागून सुटला नाही.

ग्रे यांच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. क्वेन यांचं मोजलेलं सगळं ग्रे यांना माहीत होतं. प्रत्येक धमनीच्या माहितीनंतर 'कधी कधी असंही आढळतं' म्हणून त्यांनी ते लिहिलंही आहे. पण ते मजकुरात. चित्र एकाच तऱ्हेचं. आणि परीक्षेच्या धाकानं शिकणारं पोर मजकूर विसरतं, चित्र लक्षात ठेवतं. मग पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांच्या डोक्यात पाय एकच राहिला. ज्याचा पाय चित्रासारखा नाही तो बिघडलेला, असं वाटायला वेळ लागत नाही.

बिघडलेला नाही तर मग असं होतं का? याचं उत्तर शोधलं न्यूयॉर्कच्या हॅरल्ड सीनियर यांनी, १९१९ साली. त्यांनी अगदी लहान गर्भांचा अभ्यास केला. तिथं त्यांना दिसलं की पाय फुटायला लागतो तेव्हा त्याला रक्त पुढून जांघेतून येतच नाही. ते येतं मागून, कुल्ल्याकडून, एकाच मधल्या धमनीतून. पुढची मोठी धमनी नंतर तयार होते, ती मागच्या धमनीला जाऊन मिळते, काम आपल्या हाती घेते, आणि मागची बरीचशी विरून जाते. तिचे तुकडे तेवढे मागे राहतात. बारीक हाडालगतची ती खोल धमनी त्या जुन्या वाटेचीच राहिलेली खूण. पुढची आणि मागची या नंतर आलेल्या. म्हणूनच की काय, पुढची किंवा मागची बारीक असलेली माणसं सापडतात, पण हाडालगतची जवळजवळ सगळ्यांना असतेच.

पहिल्या पावसात माळावरनं पाणी कसं उतरतं ते आठवा. दहा ओघळ निघतात. कुठला ओघळ खोल जाऊन ओढा होणार आणि कुठला बुजून जाणार, हे त्या त्या माळावर ठरतं. गावागणिक ओढे वेगळे, पण पाणी नदीला मिळायचं ते मिळतंच. गर्भाच्या पायात तसंच होतं. आणि हे सगळं दोन महिन्यांच्या आत ठरून जातं. तेव्हा आईला दिवस गेल्याची नुकती कुठं खात्री होत असते.

म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. पोराच्या अंगात काही वेगळं निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, हिनं ग्रहणात विळी धरली होती का. वाकडी पावलं घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांनी हे ऐकून ऐकून डोळे कोरडे केलेत. अशा पुष्कळ बाळांच्या पायात ती पुढची धमनी बारीक असते किंवा नसते, हे डॉक्टरांना आता माहीत आहे, आणि ऑपरेशन करावं लागलं तर ते जपून करतात. बहुतेकांना तर प्लास्टरवर प्लास्टर घालत पाऊल सरळ करता येतं. फक्त लवकर न्यायला हवं. विळीचा याच्याशी काही संबंध नाही, आणि चंद्राचाही नाही.

क्वेन यांना देह उघडल्याशिवाय धमनी दिसत नव्हती. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि १९२४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बार्नी ब्रूक्स यांनी जिवंत माणसाच्या मांडीच्या धमनीत औषध सोडून पायातल्या वाटांचा एक्स-रे काढला. मग मोजणी पुन्हा सुरू झाली, या वेळी जिवंत पायांची. १९८९ साली किम आणि त्यांच्या सोबत्यांनी सहाशेवर पायांचे असे फोटो तपासले. शंभरात साधारण ब्याण्णव पायांत फाटे पुस्तकासारखे फुटलेले होते. बाकीच्या आठांत काहीतरी निराळं. कुणाचा फाटा गुडघ्याच्या वरच फुटला, कुणाच्या तिन्ही धमन्या एकाच जागेवरून निघाल्या, कुणाची एक बारीक आणि तिच्या बदल्यात शेजारची जाड. शंभरात आठ म्हणजे किती? आपल्या दहा गटांच्या ग्रामसंघात शंभरावर बाया असतात. हिशेब तुम्हीच करा.

या आठांची फिकीर आज कुठं लागते ते सांगतो, आणि हे मिश्रीवाल्यांनी जरा कान देऊन ऐका.

१९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या इयान टेलर यांनी एका माणसाच्या पायातलं ते बारीक हाड, त्याच्या लगतच्या धमनीसकट काढून, त्याच्या दुसऱ्या मोडक्या पायात बसवल्याचं छापलं. धमनी सोबत असल्यामुळं हाड जिवंत राहिलं. पायाचा भार नडगीवर असतो, बारीक हाड काढलं तरी माणूस चालतो. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्याच हाडाचा जबडा केला. कॅन्सरमुळं जबडा काढावा लागलेल्या माणसाला पायाच्या हाडाचा नवा जबडा. आपल्याकडं तंबाखू-मिश्रीनं जबडा गेलेली माणसं काय कमी आहेत? हे ऑपरेशन आता आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांतही होतं.

आता बघा. हाडासोबत लगतची धमनी जाते. ज्याच्या पायात तिन्ही धमन्या आहेत त्याला फरक पडत नाही, दोन उरतात. पण थोड्या लोकांत पुढची आणि मागची दोन्ही नावापुरत्याच असतात, आणि सगळं पाऊल त्या एका हाडालगतच्या धमनीवर जगत असतं. अशा माणसाची ती धमनी उचलली तर जबडा मिळेल आणि पाऊल जाईल. म्हणून हाड काढण्याआधी डॉक्टर पावलाच्या दोन्ही नाड्या बघतात, आणि पुष्कळदा पायाच्या वाटांचा फोटो काढून घेतात. घरच्यांना वाटतं, तोंडाचं दुखणं आणि हे पायाचे पैसे का घेतायत? आमच्या ओळखीतल्या एका घरानं याच कारणावरून डॉक्टरांशी वाद घातला होता. ते पैसे पायासाठीच असतात.

आणि पावलावरची नाडी ज्यांना सकाळपासून लागत नाहीये, त्यांच्यासाठी. निरोगी माणसांतही शंभरात काही जणांना ती लागत नाही, कारण ती धमनी बारीक असते किंवा जरा बाजूनं जाते. घोट्यामागची नाडी मात्र न लागणं त्याहून कमी. पण साखर, बिडी-तंबाखू, वाढलेलं वय यांनी चांगली धमनीही आतून बुजत जाते, आणि बोटांना दोन्ही सारखंच लागतं, म्हणजे काहीच लागत नाही. जन्माची की नंतर बुजलेली, हे आपण घरात ठरवायचं नाही. साखर असेल आणि नाडी लागत नसेल तर एकदा दाखवून घ्यायचं. चालताना पोटरीत कळ येऊन थांबावं लागत असेल, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार पडत असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर मग वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. आणि एकदा तपासून 'तुमची जन्मापासून अशी आहे' असं कळलं, तर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवायचा. शिबिरातल्या ताईंना आम्ही तेच करायला लावलं.

एकीनं फोन करून विचारलं होतं, की आता देह मिळतात कसे? आपल्याकडं १९४९ चा कायदा आहे, त्यात बेवारस देह वैद्यकीय कॉलेजांना देता येतात. आणि दुसरी वाट म्हणजे देहदान, माणसानं जिवंतपणी आपल्या मर्जीनं लिहून दिलेलं. जवळच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजात शरीररचना विभाग असतो, तिथं त्याचा फॉर्म मिळतो. भरताना घरच्यांना सांगून भरा, कारण शेवटी फोन त्यांनाच करायचा असतो.